सेफ्टी अण्णा

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वाडीत पहाटे कोंबडा आरवलेला ऐकू येत नाही. उजाडताच चहूबाजूंनी ग्रासकटर सुरू झालेले असतात. जूनपासून माजलेलं गवत तोवर कमरेला लागलेलं असतं, पाणंदी रानमोडीखाली गडप झालेल्या असतात, आणि पावसात कोकणात गवत वाढतं हा शोध चाकरमान्यांना मुंबईत बसून दरवर्षी नव्याने लागलेला असतो. मग फोनवर फोन. ‘बेणणी झाली काय?’ पूर्वी कोयते-विळे घेऊन चार बायका आणि दोन गडी तीन दिवस खपायचे, ते काम आता पट्ट्याने खांद्याला अडकवलेलं पेट्रोलचं मशीन अर्ध्या दिवसात उरकतं. नुसत्या आवाजावरून मला घरबसल्या सांगता येतं, कोणाच्या परड्यात काम कुठवर आलंय ते.

एकच परडं असं आहे, जिथे माणूस सात वाजता उतरतो आणि मशीनचा आवाज पावणेआठला येतो. ते अण्णांचं.

मधली पंचेचाळीस मिनिटं अण्णा तयार होत असतात. नवरीला एवढा वेळ लागला तर मुहूर्त टळेल. पायात गुडघ्याएवढे गमबूट, त्यात खोचलेली जाड पँट, नडगीवर प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून काथ्याने बांधलेली दोन चिलखतं. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर चामड्याचं ॲप्रन. हातमोजे. डोक्यावर हेल्मेट, त्याला पुढे जाळी, जाळीच्या आत पुन्हा गॉगल, कानांवर मोठे मफ्स. गळ्यात शिट्टी. या अवतारात ते पहिल्यांदा खळ्यात उतरले तेव्हा बाबलो गडग्यावर बसला होता. त्याने तोंडातली विडी काढून अदबीने विचारलं, “अण्णानू, गवत कापूक चाललास काय चंद्रार?”

अण्णांना ऐकू आलं नाही. कानांवर मफ्स होते. या माणसाचं आयुष्य एवढं शांततेत का जातं याचं एक कारण मला तेव्हा कळलं.

मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्यांचे आमच्याकडे काही ठरलेले प्रकार आहेत. एक देवळाचा जीर्णोद्धार काढतो आणि मुंबईकडे पावतीपुस्तकं धाडतो. दुसरा ग्रामपंचायतीला माहितीच्या अधिकारात पत्रं लिहितो. तिसरा गावच्या भजनात शास्त्रीय संगीत आणतो. याच्याविषयी न बोललेलं बरं. अण्णा चौथ्या प्रकारातले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटात त्यांनी चौतीस वर्षं काढली. त्या चौतीस वर्षांत ते लोकांना ‘असं करू नका’ एवढं एकच वाक्य सांगत आले, आणि लोक तसंच करत आले. तरी माणूस कडवट झाला नाही. निवृत्त झाला, गावी आला, आणि तेच वाक्य नव्या श्रोत्यांना सांगू लागला.

येताना त्यांनी कंपनीतून एकच वस्तू आणली. हिरव्या पत्र्याचा फळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘अपघातविरहित दिवस’, आणि खाली आकडे अडकवायला तीन खिळे. कंपनीने नवा विजेचा फळा बसवला तेव्हा हा भंगारात निघाला होता. तो आता त्यांच्या पडवीत, कालनिर्णयाच्या शेजारी आहे. रोज सकाळी पूजा आटोपली की अण्णा आधी कालनिर्णयाकडे बघतात, मग फळ्यावरचा आकडा एकाने वाढवतात. अपघाताची त्यांची व्याख्या कडक आहे. घराच्या हद्दीत कोणालाही प्रथमोपचाराची पेटी उघडावी लागली, किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, की आकडा शून्य. मग कारण काही असो, माणूस कोणी असो.

४ मार्चला अण्णांकडे कार्यक्रम असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि म्हणून हा दिवस देशभर कारखान्यांत पाळतात. अण्णा तो पडवीत पाळतात. आम्हाला उभं करून, उजवा हात पुढे धरायला लावून शपथ देतात. मागच्या खेपेला शपथ घ्यायला अण्णांच्या घरच्या काकी, मी, बाबलो आणि मांजर असे हजर होतो. बाबलो पोह्यांसाठी आला होता. मांजर कशासाठी आलं होतं ते सांगता येत नाही, पण शपथ सगळ्यात मन लावून त्यानेच ऐकली.

मशीन आणलं ती हकिगत काकी अजून रंगवून सांगतात. कुडाळच्या दुकानात लोक जातात, मशीन उचलून बघतात, दोरी ओढतात, भाव करतात आणि घेऊन येतात. अण्णांनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, “मॅन्युअल बघू.” दुकानदाराला वाटलं, कुठल्या तरी खात्याचा इन्स्पेक्टर आला, त्याने चहा मागवला. मॅन्युअल सापडेना. शेवटी ते काउंटरच्या एका पायाखाली, डगमग थांबवायला घातलेलं निघालं. अण्णांनी ते हळुवार काढलं, झटकलं आणि उभ्याने वाचायला घेतलं. काउंटर दोन तास डगमगत होता.

दुकानात दोन जाती होत्या. फोर स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनाचं तेल वेगळं राहतं, पेट्रोल नुसतं घालायचं. आवाज कमी, धूर कमी, पैसे जास्त. टू स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं, कारण आतल्या पिस्टनला वंगण मिळतं ते तेवढंच. दुकानदार म्हणाला, साहेब, तुम्हाला फोर स्ट्रोक बरी, मिसळायची कटकट नाही. अण्णांनी टू स्ट्रोक घेतली. म्हणाले, “कटकट नसली की माणूस गाफील होतो.” या एका वाक्यावर त्यांचं सगळं चरित्र लिहिता येईल. काकींना विचारलंत तर त्याचा दुसरा खंडही निघेल.

मॅन्युअल इंग्रजीत होतं आणि ते इंग्रजीसुद्धा चीनमधून आलेलं. अण्णांनी दोनशेपानी वहीत त्याचं मराठी भाषांतर केलं. मशीन हातात उसळतं त्या ‘किकबॅक’ला त्यांनी ‘उलट लाथ’ असा शब्द काढला आहे. तो मला मूळ शब्दापेक्षा आवडतो. ‘चोक’ला ‘श्वासरोध’ केलं होतं, पण ‘सकाळी सकाळी श्वासरोध करून दोरी ओढा’ हे वाक्य काकींनी घरात ठेवू दिलं नाही.

आता तेलाचं. पुस्तकात चाळीसास एक असं प्रमाण आहे, म्हणजे लिटरला २५ मिलिलिटर टू-टी तेल. अण्णा ते औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने मोजतात. महिन्याला सिरिंजा जाऊ लागल्या तेव्हा ‘अण्णांका शुगर निघाली’ अशी बातमी वाडीत पसरली आणि दोन बायका कारल्याचा रस घेऊन आल्या. अण्णांनी त्यांना बसवून घेतलं आणि प्रमाणाचं महत्त्व सांगितलं. तेल जास्त पडलं तर पांढरा धूर येतो, प्लग काजळतो, सायलेन्सर चोंदतो. कमी पडलं तर पिस्टन आतल्या आत घासून धरतो आणि मशीन भंगारात जातं. बायकांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाल्या, “तरी पण रस घेवा.”

बाबल्याचं प्रमाण वेगळं. त्याचं माप म्हणजे पाण्याच्या बाटलीचं टोपण. किती टोपणं, हे त्या दिवशीच्या मनःस्थितीवर. मी एकदा टोकलं तर म्हणाला, “तेल म्हंजे देवाचो परसाद. जास्त पडलो तरी चलता.” बाबलो ज्या परड्यात शिरतो तिथले डास आठ दिवस फिरकत नाहीत, एवढा धूर.

बाबल्याविषयी इथे जरा सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय अण्णा कळत नाहीत. वाडीतली निम्मी बेणणी तासाच्या हिशेबाने तोच करतो. हाफ पँट, रबरी स्लीपर, ओठात विडी. मशीनला पात्यामागे जो गार्ड येतो, उडालेला खडा पायावर येऊ नये म्हणून, तो त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकला. “त्या गार्डात गवत अडाकता.” तो गार्ड त्याच्या घरी कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात. पात्यात गवत गुंडाळलं की इंजिन चालू ठेवून बोटाने काढतो. पेट्रोल संपलं की तापलेल्या इंजिनावरच ओततो, आणि तेव्हा विडी फक्त ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवतो; ही त्याच्या मते काळजी. एवढं करून त्याच्या दहाही बोटांना अजून दहा नखं आहेत. अण्णांच्या शास्त्राला याचं उत्तर देता येत नाही आणि त्यामुळे अण्णांना झोप येत नाही.

पण बाबलो देवाला सोडून काही करत नाही. नवं परडं धरताना तो आधी राखणदाराला नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. “बा देवा म्हाराजा!” मागचे गडी म्हणतात, “व्हय म्हाराजा!” “आज ह्या परड्यात मशीन घालतंव, काय चुकला-माकला आसात तर पदरात घे…” “व्हय म्हाराजा!” “कोणाची वायट नदर असात तर भायल्या भायर काढ…” “व्हय म्हाराजा!” मग दोरी ओढायची.

अण्णांचंही गाऱ्हाणं असतं. ते त्याला चेकलिस्ट म्हणतात. काकींकडून वर्क परमिटवर सही घेतली की (हो, परमिट असतं, ‘काम देणारा अधिकारी’ या रकान्यात काकी सही करतात, आणि एकदा नारळ सोलून द्यायचं राहिलं म्हणून त्यांनी परमिट नाकारलंही होतं) अण्णा खळ्यात उभे राहून वहीतून मोठ्याने वाचतात. “गार्ड घट्ट आहे का?” स्वतःच वाकून बघतात, स्वतःच “आहे” म्हणतात. वाडीतल्या पोरांना हा प्रकार फार आवडला. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरं गडग्याबाहेर रांगेत बसू लागली आणि अण्णांनी एकेक बाब वाचली की एका सुरात ओरडू लागली.

“गार्ड घट्ट आहे?”

“व्हय म्हाराजा!”

“पात्याला तडा नाही?”

“व्हय म्हाराजा!”

“टाकीचं झाकण बंद?”

“व्हय म्हाराजा!”

“परड्यातले दगड, तारा, करवंट्या उचलल्या?”

“व्हय म्हाराजा!”

अण्णा पहिले दोन दिवस रागावले. तिसऱ्या दिवशी करवंट्यांच्या बाबीला एक पोरगी “नाय म्हाराजा” म्हणाली. बघतात तर खरंच फणसाखाली एक करवंटी राहिली होती. तेव्हापासून पोरं अधिकृत झाली. चौतीस वर्षांत कंपनीतल्या एकाही माणसाने त्यांची चेकलिस्ट एवढ्या उत्साहाने ऐकली नव्हती.

करवंटीचा एवढा बाऊ का, हे त्यांनी मला एकदा गणित मांडून दाखवलं. मशीन जोरात असताना पातं मिनिटाला सात हजार फेरे घेतं असं धरा. दहा इंची पात्याचं टोक म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. कोकणकन्या कितीही खुशीत आली तरी याच्या तिसऱ्या हिश्श्याने पळते. त्या वेगाच्या मध्ये खडा आला की तो खडा राहत नाही, गोळी होते. म्हणून पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फुटांच्या आत कोणी यायचं नाही. आता कोकणातल्या परड्यात पन्नास फूट आणायचे कुठून? अण्णा उभे राहतात तिथून पन्नास फुटांत त्यांचं घर, माझं घर, विहीर, गोठा आणि शेजारच्यांची न्हाणी येते. तरी त्यांनी काथ्याची दोरी बांधून तिला लाल चिंध्या लावल्या. माणसं थांबली. कोंबड्या थांबल्या नाहीत. एक तलंग दोरीखालून आत शिरते आणि अण्णा मशीन बंद करतात, मफ्स काढतात, शिट्टी वाजवतात, तलंग जाते, मफ्स चढतात, दोरी ओढली जाते. दोरी ओढल्याचा आवाज ही त्या तलंगेला परत येण्याची खूण वाटते असा माझा अंदाज आहे.

यंत्राचा इतिहास हा अण्णांचा हळवा कोपरा. गवत कापायचं पहिलं ढकलयंत्र इंग्लंडमध्ये स्ट्राउड इथल्या एडविन बडिंगने केलं, १८३० साली. कापडावरची लव भादरायचं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं, आणि पेटंटच्या कागदात त्याने लिहून ठेवलं की गावाकडच्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक होईल आणि व्यायामही घडेल. अण्णा हे सांगताना ‘सद्गृहस्थांना’ या शब्दावर थांबतात आणि काकींकडे बघतात. काकी तांदूळ निवडत असतात.

बडिंगपेक्षा त्यांचा जीव मात्र जॉर्ज बॅलसवर आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये हा गृहस्थ गाडी धुवायच्या यंत्रात बसला होता. फिरणारे ब्रश गाडीला न ओरखडता सगळीकडून घासतात हे बघून त्याच्या डोक्यात आलं, झाडाच्या बुंध्याशी, दगडांच्या फटींत गवत असंच कापता येईल. घरी येऊन त्याने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा गरगर फिरवला. साल १९७१. “मासेमारीची दोरी म्हणजे काय?” अण्णा विचारतात. “तंगूस!” आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गरीला तंगूस बांधून लोक पाण्याकडे बघत बसले, आणि त्याच तंगुसाने गवत कापायचं एका अमेरिकनाला सुचलं, याचं त्यांना दुःख आहे.

तंगूस वाळून कडक झाला की टकाटक तुटतो. रात्रभर पाण्यात भिजत घातला की पुन्हा लवचीक होतो. हे खरं आहे, मी करून पाहिलंय. मात्र अण्णांनी तो भिजत घातला काकींच्या वालांच्या पातेल्यात. सकाळी काकी डाळिंब्या सोलायला बसल्या आणि अंधूक उजेडात हाताला जे लागलं ते त्यांनी सोलायचा प्रयत्न केला. त्या दिवशी परमिट मिळालं नाही.

पेट्रोलच्या बाबतीत अण्णा कोणाचंच ऐकत नाहीत. पंपावर पत्र्याचा कॅन घेऊन जातात, स्कूटरवरून उतरवून जमिनीवर ठेवतात आणि मगच भरू देतात. मोजून आठवड्यापुरतं आणतात. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडची श्रावणातली हवा ही हवा नसून पातळ पाणीच असतं. चार महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलाला तळाशी पाणी सुटतं, कार्ब्युरेटरात चिकट राळ धरते आणि मग लोक दोरी ओढ-ओढ ओढतात, खांदा निखळतो, मशीनला शिव्या देतात. अण्णा काम संपलं की टाकी रिकामी करतात, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन दांडीवर वाळत घालतात. काकींच्या ब्लाउजांच्या मधोमध तो चौकोनी काळा तुकडा बघून पाहुण्यांना प्रश्न पडतो, पण विचारायचा धीर होत नाही. प्लगची फट मोजायला गेज ठेवलंय. पात्याजवळच्या गिअरला ठरल्या तासांनी ग्रीस. पात्याला हात लावण्यापूर्वी, इंजिन बंद असलं तरी, प्लगची टोपी काढून बाजूला. “बंद मशीनवर विश्वास ठेवायचा नाही,” ते म्हणतात. “चालू मशीन निदान सांगतं तरी की मी चालू आहे.”

त्यांच्या वहीतला सगळ्यात गाजलेला नियम बारा ते तीनचा. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. समोर घड्याळ आहे असं धरलं तर बारा आणि तीन यांच्यामधल्या भागाने खुंट किंवा दगड लागला की मशीन उलट लाथ मारतं आणि माणसाला भलतीकडे फेकतं. म्हणून कापायचं डाव्या अंगाने, उजवीकडून डावीकडे, विळ्यासारखं ओवाळत. अण्णांनी हा नियम ‘१२ ते ३ धोका’ असा पाटीवर लिहून गडग्यावर लावला. सबंध वाडीने त्याचा अर्थ, दुपारी बारा ते तीन काम करू नये, असा घेतला. तो आमच्या मूळच्या आचाराशी एवढा जुळणारा होता की कोणी शंका काढली नाही. बाबलो तर म्हणाला, अण्णांच्या पुस्तकात एक तरी शहाणपणाचं निघालं.

आता माझी तक्रार. गेल्या वर्षी गणपतीआधी आठवडाभर, अण्णा आमच्या सामाईक गडग्याशी कापत होते. सकाळचे साडेनऊ. माझ्या मनात माया दाटून आली आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन निघालो. दोन हातांत दोन कप असल्यामुळे लाल चिंध्यांची दोरी मी पायानेच ओलांडली. अण्णांनी मला पाहिलं आणि शिट्टी वाजवायला वळले. वळताना तंगुसाचं डोकं गडग्याच्या पायथ्याशी पडलेल्या खडीला लागलं. पुढचा आवाज काचेचा होता. काच माझ्या माजघराची.

कोणाला लागलं नाही. पण अण्णांनी मशीन बंद केलं, प्लगची टोपी काढली, हेल्मेट उतरवून पडवीत गेले आणि फळ्यावरचे तिन्ही आकडे काढून तीन शून्यं लावली. तेव्हा ४०६ झाले होते. माणसाने घरातला आकाशकंदील उतरवावा तसे ते आकडे त्यांनी उतरवले. मग अहवाल लिहिला. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरांत अजून आहे: ‘अनधिकृत व्यक्तीचा चहासह प्रवेश.’ काच माझी फुटली, कारणही मीच. काचेचे निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे माझ्याकडून घेतले, आणि चहा थंड झाला म्हणून काकींनी दुसरा केला.

बाबल्याला त्या दिवशी आनंद झाला नाही असं म्हणता येणार नाही. “एवढा सगळा अंगार चढवून काच फुटलीच मा?” तो महिनाभर सांगत होता. मग मार्गशीर्षात अण्णांच्या काजूच्या बागेत, वेंगुर्ला चार आणि सातची कलमं आहेत तिथे, तो बेणणीला आला. मोहर आला की खाली साफ लागतं, नाहीतर पुढे पडलेली बी गवतात हरवते. तंगूस झिजतो फार, म्हणून बाबल्याने मशीनला साधी लोखंडी तार लावली होती. गार्ड अर्थातच कोंबड्यांकडे होता. बागेच्या दुसऱ्या टोकाला अण्णा आणि मी उभे. एकदम टण्‌ असा बारीक आवाज आला. बाबल्याने मशीन बंद केलं. तारेचा दोन इंची तुकडा सुटून वीसेक पावलांवर फांदीला टांगलेल्या त्याच्या जेवणाच्या डब्यात शिरला होता. ॲल्युमिनियमचं झाकण भेदून आत, सुक्या बांगड्यापर्यंत.

बाबलो बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या पायांकडे. विडी विझली होती, ती त्याने तशीच कानावर ठेवली. अण्णा काही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो. चौतीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर उभा असताना गप्प बसणं सोपं नसतं. फक्त संध्याकाळी ‘नियर मिस’चा फॉर्म भरून माझी साक्षीदार म्हणून सही घेतली. त्याच रात्री नऊच्या सुमाराला बाबलो मागल्या दाराने आला. तंगूस मागितला. गार्डाचे दोन स्क्रू हरवलेत, तेही मिळतील का, असं जमिनीकडे बघत विचारलं. अण्णांनी चहा करायला सांगितला आणि स्क्रू शोधायला पेटी उघडली. प्रथमोपचाराची नव्हे, हत्यारांची.

यंदा अधिक महिन्यामुळे गणपती पुढे गेले आणि गवत छातीला लागलं. परवा बाबल्याने वरच्या परड्यात मशीन घातलं. पायात अण्णांचे जुने गमबूट, डोळ्यांवर गॉगल, विडी गडग्यावर. नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गार्ड लावललो आसा…”

“व्हय म्हाराजा!”

“पोरांका पन्नास फूट लांब धाडलंय…”

“व्हय म्हाराजा!” हे पन्नास फुटांवरून आलं.

अण्णा त्यांच्या पडवीत उभे राहून ऐकत होते. त्यांनी मफ्स काढले होते.

त्यांच्या फळ्यावर आज ३८८ आहेत. गेल्या वेळचे ४०६ ओलांडायला एकोणीस दिवस हवेत, आणि अण्णा आतापासून पेढ्यांचं बोलू लागले आहेत. एक गोष्ट मात्र मला ठाऊक आहे. परवा दुपारी, साधारण बारा ते तीनच्या मध्ये, मोदकांच्या सारणाला नारळ खोवताना काकींनी विळीवर बोट चांगलंच कापून घेतलं. पेटी उघडली असती तर अण्णांना कळलं असतं, म्हणून त्यांनी हळद दाबून चिंधी बांधली आणि चार दिवस हात पदराखाली ठेवायचं ठरवलं. मला त्यांनी शपथ घातली आहे. तुम्ही कधी आमच्या वाडीत आलात आणि अण्णांनी तुम्हाला फळा दाखवला, तर आकडा वाचा, मान हलवा आणि पेढा घ्या. विळीचं काही बोलू नका.